शिक्षकाने वाचायचे कशासाठी? ('अनुभव पुरेसा आहे' या धाग्याला उत्तर)

वहीतली रेघ (धागाकर्ती)

'अनुभव पुरेसा आहे' असा एक धागा काल येथे आला. इंग्रजी शिकवायला वर्गावरची वर्षे लागतात, भाषाशिक्षणाविषयीचे वाचन पदवीच्या परीक्षेपुरते असते आणि ज्यांना शिकवणे जमत नाही तेच संशोधनाचे लेख चाळत बसतात, असा त्याचा सूर होता. त्याखाली सहमतीची रांग लागलेली पाहून राहवले नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे.

अनुभव म्हणजे नेमके काय? आपण वर्गावर पहिले पाऊल टाकतो तेव्हा गाठीशी बाकावर बसून शिक्षकांना पाहिल्याची बरीच वर्षे असतात. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली याच नुसते पाहून शिकण्याकडे लक्ष वेधले होते: आपल्याला शिक्षकाची कृती दिसलेली असते, तिच्यामागचा विचार दिसलेला नसतो. धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, उत्तरे उतरवून द्यायची, हा क्रम कोणी न शिकवताच हातात बसतो आणि वीस वर्षे तोच गिरवला की आपण त्याला अनुभव म्हणतो.

माझेच सांगते. मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेच्या निरीक्षणांविषयी मी वाचले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. ती निरीक्षणे विज्ञानाच्या तासांची होती, आणि मी तर भरपूर थांबते, अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी फोनवर स्वतःचा तास ध्वनिमुद्रित केला. 'व्हाय डिड शी लीव्ह?' असे मी विचारते आणि 'लीव्ह' हा शब्द पुरता विरण्याआधी 'बिकॉज' म्हणून उत्तराची सुरुवातही मीच करून देते. त्या तासातल्या चौदा प्रश्नांपैकी अकरांची उत्तरे माझ्याच आवाजात आहेत. चौदा वर्षांच्या अनुभवाने मला हे एकदाही सांगितले नव्हते.

सहावा तास

तो धागा माझा आहे, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे. ज्याला दिवसाला सहा तास घ्यायचे असतात आणि वह्यांचे गठ्ठे घरी न्यायचे असतात, त्याने वाचन कधी करायचे, हे आपण सांगितलेले नाही. अनेक लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. उघडले तरी त्यांची भाषा आकडेशास्त्राची असते आणि त्यांतले वर्ग पाहिले की हेवा वाटावा इतके लहान असतात.

शिवाय सर्वांत चांगली अशी एकच पद्धत नसते, हे एन. एस. प्रभूंसारख्या इंग्रजी अध्यापनातल्या जाणकाराने १९९० सालीच लिहून ठेवले आहे. मग वाचायचे कशाला? आणि ज्या प्रशिक्षकांनी आम्हाला वाचनाचा उपदेश केला, त्यांनी तरी काय वाचले होते? प्रत्येक प्रशिक्षणात तोच त्रिकोण दाखवला जातो: वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस टक्के, आणि दुसऱ्याला शिकवलेले नव्वद टक्के.

वहीतली रेघ

प्रभूंचा लेख शीर्षकाच्या पुढे वाचलात, तर तो आपल्याच विरोधात जातो. शिकणे कसे घडते याविषयी शिक्षकाची स्वतःची जी जाण असते, ती जिवंत राहिली पाहिजे. शिकवणे निव्वळ यांत्रिक सवयीचे झाले की खरे नुकसान होते, असे ते म्हणतात. ती जाण इतरांच्या विचारांशी घासली गेली नाही, तर जिवंत कशी राहणार?

फिरता फळा

मी प्रशिक्षक आहे आणि त्रिकोणाविषयीचा आरोप मला लागू पडतो. ती पारदर्शिका मी नऊ वर्षे दाखवली. एका प्रशिक्षणात मागच्या रांगेतल्या शिक्षिकेने विचारले, "सर, हे आकडे कोणी मोजले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. शोध घेतला तेव्हा एडगर डेल यांच्या १९४६ च्या पुस्तकातल्या 'अनुभवाच्या शंकू'पर्यंत (प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंतची मांडणी दाखवणारी आकृती) पोहोचलो, आणि त्या शंकूत टक्केवारीच नाही. ती नंतर कोणीतरी चिकटवली आणि आम्ही सारांशावरून सारांश काढत ती पुढे नेली. मुलांच्या 'अध्ययनशैली'चेही तेच झाले. शैलीनुसार शिकवल्याने अधिक चांगले शिकले जाते याला पुरेसा आधार सापडत नाही, असे पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले, तरी 'दृश्य, श्राव्य, कृतिशील' हे तीन रकाने प्रशिक्षणातून हटत नाहीत. शिक्षकाने किती वाचावे यावर वाद होऊ शकतो. प्रशिक्षकाने मूळ लेख न वाचता फळ्यापुढे उभे राहणे हा मात्र गुन्हा आहे, असे मी आता मानतो.

खोडरबर

वाचनाचा खरा उपयोग वह्या तपासताना होतो. जॉन ट्रस्कॉट या भाषाशिक्षणाच्या संशोधकाने १९९६ साली मांडले की लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करण्याचा उपयोग होत नाही, उलट अपायच होतो, म्हणून ते सोडूनच द्यावे. ते वाचल्यापासून मी लाल पेन हातात घेतलेले नाही.

सहावा तास

याचीच मला भीती होती! एक लेख वाचायचा आणि मुलांच्या वह्या वाऱ्यावर सोडायच्या. परीक्षेत गुण कापले जातील तेव्हा ट्रस्कॉट येणार आहेत का? आपल्या मुलांच्या पालकांना हे सांगितले आहे का?

खोडरबर

पालकांपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने 'आय डिड वेंट' असे लिहिले. मी 'वेंट'वर काट मारून 'गो' लिहिले. पुढच्या निबंधात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. वर्षअखेरीस वही चाळली तर तीच दुरुस्ती माझ्या अक्षरात सात ठिकाणी होती. त्याने त्या सातांपैकी एकीकडेही पाहिले नव्हते. तो फक्त खालचा शेरा पाहत असे. त्या गठ्ठ्यांवर मी किती रविवार घालवले, हे मलाच ठाऊक आहे.

वहीतली रेघ

हे धाग्याला सोडून चालले आहे याची कल्पना आहे, तरी अर्धवट वाचनाचा दोष इथेही आहे, म्हणून लिहिते. लेखनशिक्षणाच्या संशोधक डॅना फेरिस यांनी १९९९ साली ट्रस्कॉटना उत्तर दिले: असा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा अजून नाही, आणि सगळ्या चुका एका मापाने मोजता येत नाहीत. काळ किंवा कर्ता-क्रियापदाचा मेळ यांना नियम सांगता येतो, म्हणून त्या खुणेने सुधारू शकतात. शब्दाची निवड चुकली तर नियम हाताशी नसतो. पुढे जॉन बिचेनर यांनी २००८ साली केवळ 'अ' आणि 'द' या इंग्रजी उपपदांच्या दोन उपयोगांपुरती दुरुस्ती केली, तेव्हा दोन महिन्यांनंतरही फरक टिकलेला दिसला. खोडरबर, आपली 'डिड वेंट'ची चूक नियमातली आहे. सात वेळा उत्तर लिहून देण्याऐवजी तिच्याखाली फक्त रेघ मारून वही त्याच तासाला परत दिली असती, तर ती त्याला स्वतः सुधारावी लागली असती.

खोडरबर

फेरिस यांचे उत्तर मी वाचले नव्हते, हे मान्य करते. मात्र लाल पेन परत घेईन, असे त्यातून निघत नाही.

सहावा तास

म्हणजे एका लेखावर विसंबून पेन खाली ठेवायचे आणि दुसऱ्या लेखाने ते अर्धे उचलायचे! माझा मुद्दा हाच होता. तरीही एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. आज पाचव्या तासाला प्रश्न विचारून मनात तीन आकडे मोजले. तिसऱ्या आकड्याला मागच्या बाकावरची एक मुलगी बोलली. तिचा आवाज मी या वर्षी प्रथमच ऐकला. याने माझे मत बदललेले नाही आणि वेळेचा प्रश्न आहे तिथेच आहे. तो फेरिस यांचा लेख मात्र कोणाकडे असेल तर पाठवावा. पूर्ण लेख हवा, सारांश नको.

फिरता फळा

व्यक्तिगत निरोपात पाठवतो आहे. ट्रस्कॉट यांचाही सोबत जोडतो. आधी तो वाचा, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे ते कळेल.