मदत हवी आहे : ज्वालामुखीखाली लहरी क्षीण होतात, त्या शोषणामुळे की विखुरण्यामुळे, हे कसे ठरवावे?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीभोवतीच्या भूकंपमापकांच्या खुल्या नोंदी घेतल्या असून, लहान भूकंपांच्या लहरी कोणत्या वाटेवर किती क्षीण होतात यावरून पर्वताखालच्या रचनेचे चित्र काढत आहे. (ब्रह्मगिरी-अंजनेरी दारात असताना परदेशी डोंगर कशाला, असे घरी विचारतात, पण आपला बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि केव्हाच निवालेला, त्याखाली आज शिलारस कुठून मिळणार?)

लहरींचा आयाम वारंवारता, प्रवासकाळ आणि खडकाचा गुणवत्ता गुणांक, म्हणजे क्यू (तो जितका कमी, तितकी लहर जास्त क्षीण होते), यांवर अवलंबून घातांकी रीतीने घटतो. दहा हर्ट्झची लहर चार सेकंद प्रवास करून आली आणि वाटेतला क्यू २०० असला, तर मूळ आयामाचा सुमारे ५३ टक्के भाग उरतो. क्यू ५० असला तर जेमतेम ८ टक्के. एवढा ठळक फरक असल्यामुळे ही पद्धत मोहात पाडते. ऑब्सपाय या भूकंपनोंदींच्या संगणकप्रणालीत स्पेक्ट्रमचा उतार, म्हणजे वारंवारतेनुसार आयाम किती वेगाने घटतो ते, मोजून मला विवराखाली उथळ भागात कमी क्यूचा पट्टा मिळाला आहे.

अडचण अशी की कमी क्यू म्हणजे शिलारसच, असे म्हणण्याचे धाडस होत नाही. तापलेले पाणी आणि वायू यांनी भरलेला सच्छिद्र खडक ऊर्जा शोषतो, आणि भेगाळलेला, राखेच्या थरांचा कोरडा खडकही ती दाही दिशांना विखुरतो. थेट आलेल्या लहरीचा आयाम दोन्हीकडे कमीच दिसतो. शिवाय भूकंपाच्या उगमाचा आणि भूकंपमापकाखालच्या मातीचा परिणाम त्याच उतारात मिसळलेला असतो. हे सगळे वेगळे कसे करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

उगम आणि जागा यांचा परिणाम काढण्यासाठी थेट एस-लहरीच्या (खडक आडवा हलवत मागाहून येणाऱ्या लहरीच्या) आयामाला त्याच नोंदीच्या शेपटीतील, म्हणजे कोडातील, ठरावीक वेळेच्या आयामाने भागावे. दोन्हींत हे परिणाम सारखेच असल्याने ते कटतात. भूकंपशास्त्रज्ञ केइती अकी यांनी १९८० मध्ये मांडलेली ही युक्ती आजही पहिली निवड आहे. मात्र शेपटीतील ऊर्जा परिसरात सारखी पसरलेली आहे, हे तिचे गृहीतक ज्वालामुखीत सहजी टिकत नाही, म्हणून वेगवेगळ्या वेळा घेऊन उत्तर किती हलते ते पाहावे.

शोषण आणि विखुरणे यांसाठी दोन स्वतंत्र मोजमापे करा. एस-लहर पोहोचल्यापासून तिच्या आच्छादक रेषेचा (चढउतारांच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेचा) कळस येईपर्यंतचा उशीर जितका जास्त, तितके वाटेत विखुरणे जास्त. शेपटीच्या उशिराच्या भागाचा ऱ्हास प्रामुख्याने शोषण सांगतो. हे निरनिराळ्या वारंवारतांच्या पट्ट्यांत करावे, कारण तरंगलांबीच्या मापाचे अडथळे सर्वांत जास्त विखुरतात : उथळ खडकात एस-लहरीचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर धरला, तर ६ हर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३३० मीटर येते.

प्रतिसाद २

त्याला वेगाची जोड द्यावी, एवढेच सुचवतो. छिद्रांत वायू असल्यास पी-लहरींचा (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या, खडक दाबत-ताणत जाणाऱ्या लहरींचा) वेग अधिक घटतो आणि पी व एस यांच्या वेगांचे गुणोत्तर उतरते. वितळलेला खडक असल्यास एस-लहरींना मोठा फटका बसतो आणि गुणोत्तर चढते. आणखी एक : तिथले बहुतेक भूकंप शिखराखालीच होतात, त्यामुळे खोलवर लहरींच्या वाटा एकमेकींना फारशा छेदत नाहीत. तुमचा पट्टा खोलीकडे लांबट दिसत असेल, तर तो वाटांच्या दिशेने ओढला गेलेला असण्याची शक्यता मोठी. कृत्रिम नोंदी तयार करून बुद्धिबळपट चाचणी (पटासारखा आधीच माहीत असलेला नमुना गणितातून तसाच परत मिळतो का, हे पाहणे) केल्याशिवाय त्याचा आकार प्रबंधात छापू नका.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पट्टा खरोखरच उभा, लांबट आहे. आधी बुद्धिबळपट चाचणी करतो, मग ३, ६ आणि १२ हर्ट्झच्या पट्ट्यांत कळसाचा उशीर मोजून नकाशे इथेच चिकटवतो.