40 तास कुठे करायचे?

विषय: दहावीतल्या मुलीसाठी स्वयंसेवेचं काम

नमस्कार मंडळी,

लेक सप्टेंबरात दहावीला जाईल. इथे कॅनडात, ऑन्टॅरिओच्या शाळेच्या डिप्लोम्याला लागणारे स्वयंसेवेचे 40 तास अजून शून्यावर आहेत. नववी 'बघू गं' म्हणण्यात गेली. गेल्या आठवड्यात मीच सहा ठिकाणी फोन केले. दोघांनी वय विचारलं, एकांनी वेटिंग लिस्ट सांगितली, बाकीच्यांचा पत्ता नाही. बाईसाहेबांचं म्हणणं, नुसतं कोपऱ्यात उभं राहून सह्या आणायच्या असतील तर मला नको. पटतं मला, पण रागही येतो. कुणाचा अनुभव आहे का? गणपतीत मंडळाचं काही काम असेल तर तेही चालेल. आमच्या दोघांच्या शिफ्ट असतात, त्यामुळे गाडीने सोडणं फक्त रविवारी जमेल.

अ. कु., ब्रॅम्प्टन

---

उत्तर:

अगं, गणपतीत काम हवं तेवढं आहे. खुर्च्या मांडायच्या, पार्किंगला उभं राहायचं, जेवणं झाली की टेबलं पुसायची. पाठव तिला. फक्त एक आधीच सांगते. मागे एका बाबांनी दोन संध्याकाळच्या कामावर 25 तासांची सही मागितली होती. दिली नाही. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. जेवढं काम तेवढे तास, हे कमिटीत ठरलंय.

नियमांचं म्हणशील, तर आठवीनंतरच्या सुट्टीपासूनचे तास धरतात. घरातली रोजची कामं, वर्गाच्या वेळेत केलेलं किंवा एरवी पगार देऊन करून घेतात ते काम चालत नाही. जेवणाच्या सुट्टीतलं चालतं. शाळा ज्या बोर्डाखाली येते त्याची मान्य कामांची यादी असते. काम त्यात बसत नसेल तर आधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यायची. आमच्या थोरल्याचे 14 तास असे वाया गेले. फॉर्मवर तुझीही सही लागेल.

चिटणीस

---

उत्तर:

आमच्या कॉलेजात एनएसएसचं दहा दिवसांचं शिबिर असे. श्रमदानाने रस्ता केला, पुढच्या पावसात तो वाहून गेला. प्रमाणपत्र मात्र अजून आहे माझ्याकडे. तेव्हा तास मोजण्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्या पिढीला फारसा नाही.

मी निवृत्त झाल्यापासून मंगळवारी एटोबिकोकला डेली ब्रेड फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देतात तिथे, जातो. डब्यावरची तारीख बघायची, पोचे आलेले, फुगलेले बाजूला काढायचे, उरलेले खोक्यात. तीन तासांत पाठ बोलायला लागते. शाळेतली पोरं घोळक्याने येतात, फोटो काढतात, जातात. आधी मी वैतागायचो, आता नाही. फोटोसाठी का होईना, डबे निवडून होतात. पण मुलीला 'नुसतं उभं राहणं' नको असेल तर एकट्याने, ठरल्या वारी जाता येईल असं काहीतरी बघा.

ओकव्हिलचा काका

---

उत्तर:

काकू नमस्कार,

मी आता विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. (हे मराठी आईने तपासलंय. शुद्ध असेल ते तिचं.)

माझे पहिले 12 तास तीन ठिकाणी झाले. क्रेडिट नदीकाठी झाडं लावली, कॅन्सरच्या मदतनिधीसाठीच्या टेरी फॉक्स रनला पाणी वाटलं, लायब्ररीत पुस्तकं लावली. वाईट काहीच नव्हतं. पण मी गेलो नसतो तर दुसरा कुणी आला असता, आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मग घरापासून बसने दोन स्टॉपवरच्या लाँग टर्म केअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतात तिथे, दर रविवारी जायला लागलो.

पहिले दोन महिने कंटाळलो, खोटं कशाला सांगू. व्हीलचेअर ढकलत जेवणाच्या हॉलमध्ये न्यायच्या, बिंगोचे आकडे ओरडून वाचायचे, व्हीलचेअर परत आणायच्या. औषधाला हात लावायचा नाही, भरवायचंही नाही.

तिथे एक मराठी आजी होत्या. स्मृतिभ्रंश झालेला. एके काळी इंग्रजी येत होतं म्हणे, ते पुसलं गेलं होतं, मराठी तेवढी उरलेली. डिसेंबरात साडेचार वाजले की त्या खुर्चीतून उठायला बघायच्या आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या. नर्सना वाटायचं, घरी जायचंय. दात नसल्यामुळे मलाही कळेना. तिसऱ्या रविवारी नीट ऐकू आलं, "दिवेलागण झाली, दिवा लावा गं कुणी." मला दिवेलागण म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. कॉरिडॉरमधून आईला फोन करून विचारलं.

आत काडी पेटवायला बंदी. पुढच्या रविवारी डॉलरामा या स्वस्त वस्तूंच्या दुकानातून बॅटरीवरची पणती घेऊन गेलो आणि खिडकीत ठेवली. आजींनी हात जोडून अख्खं 'शुभंकरोति' म्हटलं. मग मला म्हणाल्या, "आता तू म्हण." मला दुसऱ्या ओळीपुढे येत नव्हतं. अशा रागावल्या, की घरीसुद्धा मला कुणी तसं रागावलं नव्हतं! नर्सने ते त्यांच्या केअर प्लॅनमध्ये लिहून ठेवलं, रोज सव्वाचारला दिवा. मग मी नसलो तरी लागायचा. आजींबद्दल याहून जास्त सांगत नाही, तिथे तशी सही घेतात.

माझ्या फॉर्मवर त्या सगळ्याचं नाव 'बिंगो आणि गप्पा' असं आहे.

काकू, रागावू नका, पण फोन तिलाच करू दे. आईचा फोन आला की समोरच्याला वाटतं, पोराला यायचंच नाहीये. तिने दोनच गोष्टी सांगायच्या: कुठल्या वारी येईन आणि किती महिने येईन. मला सहा महिने तरी ये म्हणाले होते. टीबीची चाचणीही करायला लावली. आणि जागा तिला बसने एकटीला जाता येईल अशीच बघा. मला बाबा सोडायचे तेव्हा त्यांचा मूड नसला की माझीही दांडी व्हायची.

वि., मिसिसागा

---

उत्तर:

वि., रागावले नाही. थोडीशी रागावले होते, मग तुझा मेल तिला वाचायला दिला. ती म्हणाली, "बघ, मी हेच सांगत होते." हे तिने कधी सांगितलं होतं कोण जाणे.

आज स्वतः फोन लावला. दार लावून बोलत होती, त्यामुळे मला अर्धंच ऐकू आलं. इथल्याच एका केअर होमने गुरुवारी संध्याकाळी बोलावलंय, बसने जाता येतं. गणपतीत खुर्च्या मांडायला पण येणार आहे, चिटणीसबाई, मोजून तेवढेच तास लिहा.

काका, तिला तुमची फूड बँकही बघायची आहे, पण मंगळवारी शाळा असते.

आता एक अडचण. टीबीची चाचणी सोमवारी आहे आणि दोन दिवसांनी हात परत दाखवायला जायचं असतं. बुधवारी चारनंतर आम्ही दोघंही कामावर. क्लिनिक बसच्या वाटेवर नाही. ब्रॅम्प्टनकडचं कुणी तिला नेऊन आणेल का?

अ. कु.