जागा सोडण्याआधी हार्ड डिस्क गोळा करताना (नौपाडा, ठाणे; सभासदांच्या ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार 🙏 पुनर्विकासासाठी जागा रिकाम्या करायच्या आधी सोसायटीचं जे काही ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरमध्ये, हार्ड डिस्कमध्ये पडून आहे ते एकत्र करायचं आहे. इतिवृत्तांचे स्कॅन, मंजूर नकाशे, कन्व्हेयन्सची (जागा सोसायटीच्या नावे झाल्याच्या दस्ताची) प्रत, आय आणि जे नमुन्यातल्या सभासदांच्या नोंदवह्यांचे फोटो, पुनर्विकासाच्या विशेष सभेचं चित्रीकरण, शिवाय गणपती, सत्यनारायण, कोजागिरीचे इतक्या वर्षांचे फोटो. कोणाकडे काय आहे ते इथेच लिहा. एकदा सगळे पांगलो की गोळा करणं अवघड आहे.

ब्लॉक ४: माझ्याकडे दोन डिस्क आहेत. एक ५०० जीबीची जुनी, दुसरी १ टीबीची. २००८ पासूनचे गणपतीचे फोटो त्यात असावेत.

ब्लॉक ९: आमचे हे खजिनदार होते तेव्हाचा डेस्कटॉप भंगारात दिला, पण आतली हार्ड डिस्क काढून ठेवली होती. नुसती डिस्क आहे, वायर वगैरे काही नाही. उपयोग होईल का?

ब्लॉक १५: रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमाच्या डीव्हीडी माझ्याकडे आहेत. लावायला घरात आता काही नाही.

ब्लॉक २: ४ टीबीची एक नवीन घेऊ, सगळं त्यात टाकू आणि जुन्या फॉरमॅट करून ज्याच्या त्याला परत देऊ. एका रविवारचं काम आहे.

ब्लॉक ११: दादा, नवीन घ्यायला माझा पूर्ण पाठिंबा. फॉरमॅटला मात्र कडाडून विरोध. आज आपला डेटा चार-पाच घरांत विखुरलाय, शोधायला त्रास होतो हे खरं. पण त्यातली एक डिस्क गेली तरी बाकीच्या घरांतलं शाबूत राहतं. सगळं एकीत टाकून बाकीच्या पुसल्या आणि ती एक बंद पडली, तर हातात काहीच उरत नाही. म्हणजे आपण आवराआवर केली आणि धोका वाढवला. एकच प्रत असेल तर ती कितीही नवीन आणि महागड्या डिस्कवर असो, मी तिला बॅकअप म्हणणार नाही. ४ ची एक घेण्याऐवजी २ टीबीच्या दोन घ्या. शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या.

ब्लॉक २: दोनात मावेल?

ब्लॉक ११: आरामात. सिनेमे, मालिका, जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली घ्यायच्याच नाहीत. आणि घेताना एक लक्षात असू द्या, २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ दिसते. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. दुकानदाराने फसवलेलं नसतं.

ब्लॉक ६: ताई, सरळ गूगल ड्राइव्हवर का नाही? फुकट आहे.

ब्लॉक ११: फुकट फक्त १५ जीबी. त्यातच जीमेल, गूगल फोटोज आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप. आपल्या चित्रीकरणानेच त्यातला मोठा हिस्सा खाल्ला जाईल. कागदपत्रांचे स्कॅन ठेवू तिथे, तेवढे मावतील. पण दोन गोष्टी. ज्या फाइलींमध्ये सभासदांचे आधार, पॅन आहेत त्या पासवर्डने कुलूपबंद केल्याशिवाय चढवायच्या नाहीत. आणि खातं कोणा एकाचं वैयक्तिक नको, सोसायटीचं हवं, पासवर्ड समितीतल्या निदान दोघांकडे. वैयक्तिक खातं दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गूगल ते आतल्या सगळ्यासकट काढून टाकू शकतं.

ब्लॉक ७: विशेष सभेचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. पेन ड्राइव्हवर टाकायला गेले तर फाइल फार मोठी आहे म्हणतो. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा आणि पूर्ण रिकामा आहे. खराब झालाय का?

ब्लॉक ११: नाही वहिनी, पेन ड्राइव्ह बरा आहे. तो फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, मग जागा कितीही रिकामी असो. चित्रीकरणवाल्याने अख्ख्या सभेची एकच फाइल दिलीय, ती त्याहून मोठी आहे. व्हिडिओचे तुकडे करू नका. तुमचा लॅपटॉप घेऊन या, आपण थेट नवीन डिस्कवर घेऊ. ही फाइल तर पहिल्या दिवशीच दोन ठिकाणी गेली पाहिजे. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ ला जे सरकारी निर्देश निघाले त्यांप्रमाणे ते चित्रीकरण करावं लागतं, उद्या कोणी प्रश्न उपस्थित केला तर तोच पुरावा आहे.

ब्लॉक १३: ताई, मी माझ्या मॅकवर कॉपी करायला घेऊ का? ४ नंबरच्या काकांची १ टीबीवाली लावून बघितली. आतलं सगळं दिसतंय, पण त्यात काही टाकता येत नाही.

ब्लॉक ११: ती एनटीएफएस आहे, विंडोजची पद्धत. मॅक ती वाचतो, लिहीत नाही. आपल्या दृष्टीने हे उत्तमच, जुन्या डिस्कवर चुकूनही काही बदलणार नाही. फक्त मॅकने डिस्क इनिशियलाइज (म्हणजे पुसून नव्याने तयार) करू का विचारलं किंवा टाइम मशीन या मॅकच्या बॅकअपसाठी वापरू का विचारलं तर काहीही झालं तरी हो म्हणायचं नाही. नवीन दोन्ही आपण एक्सफॅट करू, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहिता येईल. एक्सफॅटचा तोटा एवढाच की इजेक्ट न करता केबल उपसली तर आतली यादी बिघडू शकते. लाइट गेली म्हणून कॉपी अर्धवट राहायला नको, तेव्हा काम लॅपटॉपवरच करा आणि बॅटरी भरलेली ठेवा.

ब्लॉक ४: एक विचारायचं राहिलं. ५०० वाली लावली की आतून टक टक आवाज येतो. कधी दिसते, कधी गायब होते.

ब्लॉक ११: काका, आत्ताच्या आत्ता काढून ठेवा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. कुठे लावली होती?

ब्लॉक ४: टेबलावर तो चार तोंडांचा हब आहे त्याला. माउस, कीबोर्ड, प्रिंटर पण त्यावरच आहेत.

ब्लॉक ११: हबला स्वतःची वीज आहे का? नसेल तर डिस्कला पुरेशी मिळत नसेल. फिरायला लागते, दम तुटतो, बंद पडते, पुन्हा फिरते. आवाज त्याचाही असू शकतो. केबलचं टोकही बघा. डिस्कच्या खाचेचे दोन भाग दिसतील, एक मोठा, एक छोटा. मोबाइल चार्जरची जुनी केबल त्यातल्या मोठ्या भागात बरोबर बसते आणि डिस्क चालतेही, पण वेग यूएसबी २ चा मिळतो. रुंद टोकाची मूळ केबल शोधा आणि कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या पोर्टला थेट लावा. एकदाच. तरी टक टक आली तर तिथेच थांबायचं. फ्रीजरमध्ये ठेवणं, उघडून बघणं, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवणं, डिस्क तपासणी सुरू करणं, यातलं काहीही नाही. मग ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जाईल आणि त्या खर्चाचं समिती ठरवेल. तेही आधी १ टीबीत तेच फोटो आहेत का ते पाहून.

ब्लॉक ४: केबल सापडली. मागे थेट लावली. आवाज नाही, दिसतेय!

ब्लॉक ११: छान. आता आत हिंडू नका, फोटो उघडून बघत बसू नका. आधी गणपतीचं फोल्डर, मग कागदपत्रं, बाकी नंतर. आणि काका, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची तब्येत दाखवतं. पिवळी खूण दिसली तर समजायचं की खराब भाग वाढायला लागलेत. पण ते कॉपी झाल्यावर बघू, आधी माल बाहेर.

ब्लॉक १३: मी नवीन डिस्कवर वर्षवार फोल्डर करून ठेवतो. सगळ्यांचे २०१० चे फोटो २०१० मध्ये, असं.

ब्लॉक ११: आत्ता नको रे. आधी घरवार. ‘ब्लॉक ४, ५०० जीबी’, ‘ब्लॉक ९, डेस्कटॉप’, जशी डिस्क तसं फोल्डर, आतली रचना जशीच्या तशी. कारण सांगते. कॅमेऱ्याच्या फाइलींना चार-पाच आकडी नंबर असतो, तो संपला की परत एकपासून सुरू. काहींचा कार्ड बदललं तरी. त्यामुळे काकांच्या आरतीच्या फोटोचं नाव डीएससी ००१२३ आणि ७ नंबरच्या वहिनींच्या विसर्जनाच्या फोटोचं नावही तेच, असं हमखास होतं. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकताना विंडोज विचारतं, घाईत कोणीतरी रिप्लेस दाबतं, आणि एक फोटो कायमचा जातो. कोणाला कळतही नाही, कारण नाव जागेवर असतं.

ब्लॉक १३: मग डुप्लिकेट कसे काढायचे? निम्मे तर तेच असतील.

ब्लॉक ११: दोन्ही डिस्क तयार झाल्यावर. त्यासाठी डुपगुरूसारखी सॉफ्टवेअर आहेत, ती नावाऐवजी फाइलीच्या आतला मजकूर जुळवू शकतात. तरी व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो अशा मजकूर-जुळवणीत सापडणार नाही, कारण पाठवताना तो लहान होतो आणि काढल्याची तारीख, कॅमेऱ्याची माहिती निघून जाते. डोळ्यांना तोच दिसतो, फाइल वेगळी असते. अशा जोडीतला मोठ्या आकाराचा ठेवायचा. म्हणूनच सगळ्यांना विनंती, फोटो या ग्रुपवर पाठवू नका, डिस्कच आणा. मला तर वाटतं डुप्लिकेट राहिले तरी बिघडत नाही. जागा स्वस्त आहे, १५ नंबरच्या नानांच्या तरुणपणीचा फोटो परत काढता येणार नाही.

ब्लॉक १५: डीव्हीडीचं काय करायचं?

ब्लॉक ११: नाना, खरं तर त्याच सगळ्यात आधी घ्यायला हव्यात. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगाचा थर असतो, तो काळाने विरतो. ऊन, दमट हवा लागली तर लवकर. पुसायच्या असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. यूएसबीला लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह ऑफिसातल्या मैत्रिणीकडून आणते.

ब्लॉक १५: आणा. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या कपाटात पाणी शिरलं तेव्हा इतिवृत्ताची वही मी स्वतः बाहेर काढली होती. पानं एकमेकांना चिकटली होती. एकेक सोडवून पंख्याखाली वाळवली, तरी शाईच्या सह्या फुटल्या त्या फुटल्याच. तेव्हा एकाच कपाटात सगळं ठेवू नका एवढंच माझं सांगणं.

ब्लॉक ११: नाना, हेच मला म्हणायचं होतं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हा नियम रूढ केला, जगभर तोच पाळतात. एरवी सोसायट्यांना दुसरी जागा कुठली हा प्रश्न पडतो. आपण तर आता पांगणारच आहोत. एक डिस्क सेक्रेटरींबरोबर डोंबिवलीला, दुसरी माझ्याबरोबर ऐरोलीला, कागदपत्रांची तिसरी प्रत ड्राइव्हवर. मूळ कन्व्हेयन्स आणि प्रॉपर्टी कार्ड बँकेच्या लॉकरमध्येच. स्कॅन आहे म्हणून मूळ कागदाकडे दुर्लक्ष नको.

सेक्रेटरी: मान्य. पण आधार, पॅनच्या प्रती असलेली डिस्क टेम्पोत हरवली तर?

ब्लॉक ११: म्हणून तो भाग कुलूपबंद. व्हेराक्रिप्ट नावाचं कुलूप लावायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं. पासवर्ड कागदावर लिहून लॉकरमधल्या पाकिटात, कारण तो विसरला तर कोणीही उघडून देऊ शकत नाही. फोटोंना कुलूप नको, ते सगळ्यांचे आहेत. आणि डिस्क टेम्पोत नाहीच द्यायची, हातातल्या पिशवीत.

ब्लॉक ९: डिस्कचा फोटो पाठवला आहे. बघ गं.

ब्लॉक ११: पाहिला काकू. एल आकाराच्या दोन पातळ खाचा आहेत, म्हणजे साटा पद्धतीची जोडणी. पिनांच्या दोन रांगा असत्या तर जुनी आयडीई पद्धत, तिला वेगळी जोडणी लागली असती. ही साडेतीन इंची आहे, हिला बाहेरून १२ व्होल्ट द्यावे लागतात. घरातला दुसरा कुठला अडॅप्टर बसतोय म्हणून लावू नका, पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नाही. खजिनदारांचे जुने हिशेब आणखी कुठेच नाहीत, ही डिस्क माझ्यासमोरच लावू.

ब्लॉक ६: आमच्या डिस्कमध्ये घरचेही फोटो आहेत, मुलीच्या लग्नाचे वगैरे. ते सगळ्यांकडे जातील का?

ब्लॉक ११: नाही. ज्याची डिस्क त्याने समोर बसून फक्त सोसायटीचं फोल्डर द्यायचं. परस्पर कोणाच्या डिस्कमध्ये कोणी शिरणार नाही. घरचं मात्र तुम्ही स्वतःसाठी दुसरीकडे घ्याच.

ब्लॉक १३: दुसरी डिस्क करायला रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपीच्या सोयीचा मिरर वापरू? हुबेहूब होईल.

ब्लॉक ११: मिररमध्ये मूळ जागी जे नाही ते दुसरीकडूनही पुसलं जातं. दोन डिस्क दिसायला सारख्या, नावं उलटसुलट झाली आणि रिकामी डिस्क मूळ ठरली, तर भरलेली साफ. पहिल्या वेळी साधी कॉपी, टेराकॉपी नावाच्या सॉफ्टवेअरने, पडताळणी चालू ठेवून. वेळ लागेल. यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला पावणेतीन तास, यूएसबी २ वर नऊ तासांच्या वर. हजारो छोटे फोटो असतील तर अजून जास्त.

ब्लॉक ४: ५०० वाली झाली. पण प्रॉपर्टीजमध्ये आकडा जुळत नाही. नवीन डिस्कवर फाइली जास्त आहेत! कमी असत्या तर समजलं असतं.

ब्लॉक ११: मध्ये नवीन डिस्क मॅकला लावली होती का?

ब्लॉक १३: हो, मी. काकांच्या डिस्कवरचे काही फोल्डर मी माझ्या मॅकवरून ओढले, काकांना वेळ लागत होता म्हणून.

ब्लॉक ११: मग तेच. एक्सफॅटवर लिहिताना मॅक काही फाइलींच्या जोडीला टिंब आणि अधोरेखा यांनी सुरू होणारी छोटी फाइल बनवतो. विंडोजमध्ये लपवलेल्या फाइली दाखवा, म्हणजे दिसतील, जेमतेम ४ केबीच्या. शिवाय मॅकवर उघडलेल्या फोल्डरमध्ये डीएस स्टोअर नावाची एक. त्या वगळून मोजा.

ब्लॉक ४: वगळल्या. आता तंतोतंत जुळतंय. १ टीबीवाली लावू?

ब्लॉक ११: लावा काका. ५०० वालीवर नाव लिहून, पाकिटात घालून ठेवा, पुसू नका. दुसऱ्या नवीन डिस्कवरची प्रतही पडताळून झाली की मग तिचं काय करायचं ते बघू.