स्टॅटिन चालू असूनही कॅल्शियम स्कोअर वाढला. गोळी बंद करू का? (मदत हवी आहे)

घाईगडबड
बाबांचा कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या वाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम, सीटीवर मोजतात तो) ३ वर्षांपूर्वी १८०, परवा २६०. मधे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालूच होती. म्हणजे गोळीनेच रक्तवाहिन्या कडक केल्या ना? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर बंद करू का? लवकर सांगा.

कट्टेकरी
कोणती स्टॅटिन, किती मिलिग्रॅम? वय? एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आधी किती, आता किती? मधुमेह, सिगारेट? 'चालू होती' यावरून काय कळणार?

क्ष_किरण
बंद करू नका. हा स्कोअर (अगॅट्स्टन पद्धतीचा) काढतात कसा ते बघा. सीटीवर १३० हाउन्सफील्ड युनिटच्या (घनतेचं माप) वरचा ठिपका धरायचा, क्षेत्रफळ गुणिले घनतेचा अंक. सर्वांत दाट जागा २०० ते २९९ मध्ये असेल तर अंक २, ३०० ते ३९९ ला ३. म्हणजे ५ चौ. मिमीचा ठिपका २८० वरून ३२० वर गेला की १० चे १५ झाले. ठिपका तेवढाच! स्टॅटिनने प्लाकमधली (वाहिनीच्या भिंतीत साठलेला थर) चरबी घटते, वरचं आवरण जाड होतं, उरलेलं चुन्यासारखं घट्ट बसतं. झटका बहुतेकदा येतो तो पातळ आवरणाचा मऊ प्लाक फुटून, आणि तो या स्कॅनमध्ये दिसतच नाही. स्टॅटिनवर असताना स्कोअर परत काढायला कोणी सांगितलं?

लसूणपाकळी
गोळ्या हव्यात कशाला? लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूल मिळतात. नैसर्गिक.

औषधपेटी
@लसूणपाकळी, त्यात मोनाकोलिन के असतं, म्हणजेच लोव्हास्टॅटिन. फक्त किती ते धड कळत नाही. आणि पहिली स्टॅटिन अकिरा एंडोंना बुरशीतच सापडली होती, तीही नैसर्गिकच म्हणा.

शंकासुर
प्लाक सुधारतो वगैरे फार ताणू नका. २००६ च्या अ‍ॅस्टेरॉइड चाचणीत रोसुवास्टॅटिन ४० मिग्रॅ २ वर्षं देऊन वाहिनीतला प्लाकचा वाटा घटला जेमतेम १ टक्क्याने.

क्ष_किरण
आकार घटतो असं म्हटलंय कुठे? फुटण्याची शक्यता घटते. शिवाय वाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतं, वाहिनी सैलावते. ते स्कोअरमध्ये मोजत नाहीत.

रातकिडा
गोळी रात्रीच घ्यावी.

औषधपेटी
सिम्वास्टॅटिन असेल तर. अटोर्वा, रोसुवा कधीही चालतात. विचारलं कोणी पण?

घाईगडबड
वय ६४, शुगर नाही, सिगारेट नाही. अटोर्वास्टॅटिन १०. एलडीएल १५२ होतं, आता १२४. पोटऱ्या दुखतात म्हणून बाबा एक दिवसाआड घेतात, हे लिहायचं राहिलं.

औषधपेटी
हेच आधी सांगायचं होतं! रोज १० घेतली तर एलडीएल ३५-४० टक्के उतरतं, म्हणजे ९५ च्या आसपास यायला हवं. तुमचं १८ टक्केच उतरलंय. एक दिवसाआड घेऊनही याहून जास्त उतरतं, तेव्हा आधी पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजा. पोटऱ्यांसाठी सीके (स्नायूंची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. थायरॉइड मंद असेल तर एलडीएलही चढतं आणि स्नायूही दुखतात. मधे क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) घेतली होती का? तिच्याने अटोर्वाची रक्तातली पातळी वाढते. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सगळं ठीक आलं तर रोसुवा लहान डोसात किंवा जोडीला इझेटिमाइब १० (कोलेस्टेरॉलचीच, पण स्टॅटिन नसलेली गोळी) बद्दल विचारा. नुसता डोस दुप्पट केला तर जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं, इझेटिमाइबने २० च्या आसपास. बदल केल्यावर ६-८ आठवड्यांनी लिपिड परत.

घाईगडबड
डबा उघडला. महिन्याच्या ३० पैकी २३ शिल्लक.

रातकिडा
पण त्या ७ सकाळी घेतल्या की रात्री?