जुने फोटो स्कॅन करायलोय, डीपीआय (एका इंचात किती ठिपके) किती ठेवू?

परभणीकर: आज्जीच्या ट्रंकेत 50 एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडले, बरेचसे 3 बाय 4 इंची, आजोबांच्या फेट्यावर तर पिवळा डाग पडलाय. दुकानवाल्यानं 200 डीपीआयला जेपीजी करून दिले, झूम केलं की नुसते चौकोन दिसायलेत. आता मित्राचा फ्लॅटबेड (काचेवर फोटो ठेवायचा स्कॅनर) आणलाय, नंतर निवांत एडिट करायचेत. सेटिंग सांगा की.

लातूरवाला: 600 ठेवा, 1800 बाय 2400 पिक्सेल होतंय. लई मोठी प्रिंट पाहिजे तरच 1200, नाहीतर कागदाचा दाणाच मोठा दिसतो. अन् टिफ फाईलमध्येच सेव्ह करा, जेपीजी एडिट करून दर खेपेला सेव्ह केलं की फोटोची क्वालिटी थोडी थोडी खातंय.

भाऊ_बीड: काळापांढरा आहे म्हणून ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटा) करू नका बरं का! कलर, 48 बिट, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलना (रंगांच्या थरांना) 16-16 बिट. पिवळा डाग निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतो, लालमध्ये जवळपास गायब, मग लाल चॅनल तेवढा ठेवायचा, फेटा निम्मा तिथंच साफ. शार्पनिंग, ऑटो कलर सगळं बंद, ते नंतर आपल्या हातानं.

परभणीकर: फाईल लई मोठी होईल ना?

लातूरवाला: एक 26 एमबी, 50 चे दीड जीबी पण नाही. काच पुसा आधी, आपल्याकडची धूळ माहितीये ना.