मदत हवी आहे: संकरित जोम आणि २४ न्यूक्लिओटाइडचे लहान आरएनए – कारण की परिणाम?

नमस्कार मंडळी,

मी वनस्पती प्रजननशास्त्रात एम.एस्सी. करतेय. सेमिनारचा विषय आहे संकरित जोम (संकराचं पोर आई-बापापेक्षा जोमदार निघणं) आणि लहान आरएनए (जनुकांना गप्प करू शकणारे आरएनएचे छोटे तुकडे). वाचन बरंच झालंय, पण एका ठिकाणी घोडं अडलंय. जाणकारांनी वाट दाखवावी.

आपल्याकडे १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. मादी सीके-६०ए, नर आयएस-८४. पोर दोघांपेक्षा सरस. डीएनए तर आई-बापाचाच, मग हे जास्तीचं बळ येतं कुठून? एका पालकाचे दोष दुसऱ्याची प्रबळ जनुकं झाकतात, हे जुनं उत्तर मला आजही पटतं, पण ते पुरेसं वाटत नाही.

लहान आरएनएचा मुद्दा इथे येतो. २४ न्यूक्लिओटाइड (म्हणजे आरएनएच्या साखळीतले दुवे) लांबीचे एसआय-आरएनए हा लहान आरएनएचा एक प्रकार. ते मुख्यतः ट्रान्सपोझॉनसारख्या (जीनोममध्ये जागा बदलू शकणारे डीएनएचे तुकडे) पुनरावृत्त भागांतून तयार होतात आणि तिथल्या डीएनएवर मिथाइल गट बसवायला लावून तो भाग गप्प करतात. शेजारी जनुक असेल तर त्याचाही आवाज दबू शकतो. २०११ मध्ये अरॅबिडॉप्सिसच्या (प्रयोगशाळेत वापरली जाणारी एक छोटी वनस्पती) सी-२४ आणि लान्ड्सबर्ग या वाणांच्या संकरात दिसलं की, जिथे दोन पालकांत या आरएनएचं प्रमाण वेगळं असतं, नेमकं तिथेच संकरात ते घसरतं. मला महत्त्वाचं वाटलं ते हे की, एकाच पालकाकडून आलेला वाटा निम्मा झाला असता तर आकडा दोघांच्या सरासरीवर थांबायला हवा होता. तो त्याच्याही खाली जातो.

इथवर सगळं छान जुळतं. मग २०१२ चं मक्यावरचं काम वाचलं आणि गोंधळ सुरू झाला. बी-७३ आणि मो-१७ या मक्याच्या वाणांच्या संकरातही रोपाचा शेंडा आणि वाढतं कणीस तपासल्यावर तीच घसरण दिसली. पण मॉप-१ जनुक बिघडवून २४ वाले एसआय-आरएनए सगळीकडेच कमी केले, तरी संकराचा जोम पुरता टिकला! उलट त्याच वर्षी अरॅबिडॉप्सिसमध्ये हेन-१ जनुक बिघडवल्यावर जोम घटला. मात्र हेन-१ हे सूक्ष्म आरएनए (मायक्रो-आरएनए) आणि एसआय-आरएनए दोघांनाही टिकवून धरतं. त्यामुळे दोष नेमका २४ वाल्यांच्या माथी कसा मारायचा?

तर माझे प्रश्न असे:

मॉप-१ च्या प्रयोगानंतर निदान मक्यात तरी २४ वाल्यांना जोमाचं कारण म्हणणं सोडून द्यावं का? त्याच कामात २१-२२ न्यूक्लिओटाइडच्या एसआय-आरएनएमध्येही दोन्ही पालकांत फरक सापडले होते. खरं काम ते करत असतील, असं मानायला आधार आहे का? माझा स्वतःचा कल असा आहे की २४ वाल्यांची घसरण ही दोन जीनोम एकत्र आल्याची खूण आहे, बळाचा उगम नव्हे. पण मार्गदर्शकांसमोर हे ठामपणे मांडण्याएवढा पुरावा माझ्या हाती नाही.

दुसरा प्रश्न प्रबंधासाठी, आणि इथे मदतीची जास्त गरज आहे. ज्वारीत हेच बघायचं म्हटलं तर मादी ए-ओळ नरवंध्य (पराग न देणारी) असते आणि तिचं पेशीद्रव्यही वेगळं. बी-ओळ म्हणजे तिचीच पराग देणारी जोडीदार, आर-ओळ म्हणजे संकरातला नर. संकरात दिसलेला फरक संकरामुळे की त्या पेशीद्रव्यामुळे, हे कसं ओळखायचं? बी-ओळीच्या कणसातल्या फुलांचे परागकोष हाताने काढून त्यावर आर-ओळीचे पराग टाकायचे आणि तो संकर शेजारी लावायचा, असं डोक्यात आहे. उलटा संकरही (मादी-नर अदलाबदल करून) घ्यावा लागेल का? शिवाय नमुना कुठला घ्यावा: रोपाचा शेंडा, की दांडा धरताना आतलं कोवळं कणीस? दोन्ही परवडणार नाहीत, सिक्वेन्सिंगचा खर्च फार आहे.

कुणी ज्वारी, बाजरी किंवा भातात लहान आरएनएचं काम प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. सेमिनार पुढच्या महिन्यात आहे, पण परागकोष काढायचे तर पेरणीआधीच सगळं ठरवावं लागेल.