मदत हवी आहे: कोयत्याने मारहाण, कलम हलके लागले आणि साक्षीदार घाबरलाय (कोल्हापूर)

उचगावचा_पोरगा
मावसभाऊ (वय २४, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला) याला मागच्या आठवड्यात रात्री तिघांनी कोयता आणि लोखंडी रॉडने मारलं. उजव्या हाताचं हाड मोडलं, खासगी दवाखान्यात ऑपरेशन करून प्लेट बसवली. एफआयआर झाली, प्रत मिळाली, पण कलम ११८(१) लावलंय. घरचे म्हणतात ३०७ लागलं पाहिजे. तीन गोष्टी विचारायच्यात: कलम वाढवून कसं घ्यायचं? दवाखान्याचं बिल मावशीला झेपत नाही, सरकारकडून काही मिळतं का? आणि समोरचा टपरीवाला सगळं बघून आता "मी तिथं नव्हतोच" म्हणतोय, त्याला दम दिलाय म्हणे.

कसबा_बावडा_कोर्ट
३०७ (जुन्या भादंविचं खुनाच्या प्रयत्नाचं कलम) हा आकडा विसरा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, त्यात खुनाचा प्रयत्न म्हणजे कलम १०९. ते हाड मोडण्यावर ठरत नाही, इराद्यावर ठरतं. वार कुठं रोखला होता, किती वार झाले, मारताना तोंडानं काय बोलत होते हे बघितलं जातं. डोक्यावरचा वार चुकवायला हात आडवा घातला आणि म्हणून हातावर बसला, असं घडलं असेल तर ते जबाबात यायलाच हवं. "हातावर मारून जखमी केले" एवढंच लिहिलं की केस तिथंच हलकी होते. घडलं नसेल तर मात्र घालू नका, उलटतपासणीत सगळी फिर्यादच संशयात येते.

१०९ नाही बसलं तरी ११८(२) बसायला हवं. हाड मोडणं ही कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत, ती असल्या हत्यारानं केली तर किमान १ वर्ष, कमाल जन्मठेप. ११८(१) ला कमाल ३ वर्षं. फिर्याद घेताना एक्स-रे हातात नसतो म्हणून सुरुवातीला हलकं कलम लागतं, दरवेळी त्यात काळंबेरं असतंच असं नाही.

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि ऑपरेशनची नोंद यांच्या प्रती जोडून तपासी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. त्यात पुरवणी जबाब घ्यावा, दवाखान्याकडून जखमांचा दाखला मागवावा आणि कलमवाढ करावी, असं स्पष्ट लिहा. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. तोंडी विनंतीची नोंद कुठंच राहत नाही. हललं नाही तर उपअधीक्षक, मग पोलीस अधीक्षक, तेही स्पीड पोस्टानं. त्यापुढं न्यायदंडाधिकारी.

एमएलसी_वाचक
त्याआधी दवाखान्याच्या एमएलसीत (पोलीस केस म्हणून दवाखाना करतो त्या नोंदीत) काय लिहिलंय ते बघा. दाखल करताना घाबरून "पडून लागलं" किंवा "गाडीवरून घसरला" सांगितलं असेल तर आरोपीचा वकील तोच कागद पुढं करणार. खाडाखोड करून घेऊ नका. तसं का सांगितलं गेलं, हे पुरवणी जबाबात नोंदवून घ्या.

आणि हाड मोडलेलं नसलं तरी १५ दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचं काम करता न येणं हीसुद्धा गंभीर दुखापत आहे. जुन्या कायद्यात २० दिवस होते, अजून कित्येकांच्या डोक्यात तोच आकडा आहे. फाउंड्रीतला रजेचा कागद जपून ठेवा.

रक्ताचे कपडे धुतले नसतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. ते पोलिसांकडंच द्यायचे, पंचनाम्यावर.

कसबा_बावडा_कोर्ट
खर्चाचं. पीडितांना मोफत उपचाराची सक्ती नव्या प्रक्रिया संहितेच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३९७ मध्ये आहे, पण ती बलात्कार, ॲसिड हल्ला आणि पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचार) गुन्ह्यांपुरती. राज्य सरकारची मनोधैर्य योजनाही त्याच वर्गातली. तुमच्यासाठी रस्ता त्याच संहितेच्या कलम ३९६ चा, म्हणजे पीडित भरपाई. निकालानंतर न्यायालय शिफारस करू शकतं, आरोपी सुटला तरीही. मधल्या काळात पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तातडीची वैद्यकीय मदत मंजूर करू शकतं. कार्यालय कसबा बावड्याला, जिल्हा न्यायालयाच्या आवारात. हेल्पलाइन १५१००. मूळ बिलं हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या.

उचगावचा_पोरगा
आभारी आहे. आता समोरचे म्हणतायत स्टॅम्पवर लिहून देऊ, मिटवून घ्या. आणि टपरीवाल्याचं?

कसबा_बावडा_कोर्ट
स्टॅम्प पेपरनं केस मिटत नाही. ११८(२) आणि १०९ तडजोडीला मोकळी नाहीत. गुन्हा रद्द करायचा तर उच्च न्यायालय, त्याचं सर्किट बेंच (खंडपीठासारखं फिरतं पीठ) ऑगस्ट २०२५ पासून इथं कोल्हापुरातच आहे. पैसे घेऊन साक्ष फिरवली तर तुमचाच माणूस अडकतो.

टपरीवाल्यासाठी साक्षीदार संरक्षण योजना, २०१८. अर्ज जिल्ह्याच्या सक्षम समितीकडं, जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. धोक्याचा अहवाल पोलीस उपअधीक्षकांनी ५ कामकाजी दिवसांत द्यायचा असतो. खोटी साक्ष दे म्हणून धमकावणं हा न्याय संहितेच्या कलम २३२ चा स्वतंत्र गुन्हा आहे, तोही नोंदवा. टपरीवाल्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १८३) घ्यावा, असा अर्ज तपासी अधिकाऱ्याला आत्ताच द्या.

एमएलसी_वाचक
भावा, टपरीसमोर कुणाचा कॅमेरा आहे का? डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा) जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. आजच लेखी द्या की तो जप्त करावा. मोबाईलवर स्क्रीनचं चित्रण काढून चालणार नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली नाही हे दाखवणारा तिचा खास कोड) लिहावी लागते.